पोटदुखीचा अर्ज

हा अनुभव लिहावा की न लिहावा, याविषयी माझ्या मनात बरेच दिवस संकोच होता. गेली सत्तावीस वर्षे मी नागपुरात तहसील कचेरीच्या आवाराबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, हे मी लपवीत नाही. परंतु माझ्या हातचा मसुदा कचेरीतून त्रुटी काढून परत आला असे क्वचितच घडले आहे, आणि दोन-चार वकील मंडळीही अडल्या वेळी माझ्याकडून वाक्यरचना तपासून घेतात. इतरांची दुःखे योग्य शब्दांत मांडणे हा माझा व्यवसाय. स्वतःचे दुःख मात्र मला वेळेवर मांडता आले नाही, आणि ज्या श्रद्धेचा मला अभिमान होता तिच्याच आड मी लपून बसलो, ही माझी कबुली. तरीही गणरायाच्या कृपेने जे घडले ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढ्याच भावनेने लिहितो.

दिवाळीच्या फराळानंतर माझ्या पोटात, छातीच्या हाडाच्या अगदी खाली, बारीक जळजळ सुरू झाली. चिवडा आणि चकलीचा दोष समजून मी दुर्लक्ष केले. पुढे संत्र्याचा मोसम आला, तेव्हा दोष संत्र्यावर ढकलला. औषधाच्या दुकानातून गुलाबी रंगाचे पातळ औषध आणले. ते घेतले की तासभर बरे वाटे, आणि बरे वाटले म्हणजे आजार गेला असे मी मानीत असे. दिवसभर वाकून लिहिल्यामुळे माझी कंबर धरते, त्यासाठी दोन वर्षांपासून एक पांढरी गोळी मी रोज सकाळी चहाबरोबर घेत होतो. तिचा आणि पोटाचा काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. मार्गशीर्ष लागला तेव्हा पहाटे कळ येऊन जाग येऊ लागली. पँटच्या पट्ट्याला सौ.ने खिळ्याने एक नवे भोक पाडून दिले, आणि पंधरा दिवसांनी आणखी एक.

"डॉक्टरले दाखवा जी एकदा," सौ. म्हणाली. "दिवाळीपासून ऐकून राहिली मी."

"उपचार सुरू आहे," मी म्हणालो.

"कोणता? थे गुलाबी औषध? थे तर तुम्ही सरबतावानी पिऊन राहिले."

माझ्या शेजारच्या टेबलावर देवाजी म्हणून मुद्रांक विक्रेते बसतात. माणूस मनाने चांगला, पण गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि तोंडात टोमणा कायम. मी खर्रा, तंबाखू, मद्य यांस कधी स्पर्श केला नाही, त्यामुळे मला आजार होण्याचे काही कारणच नाही, असे मी त्यांना ऐकवीत असे. ते एकदा म्हणाले, "साहेब, तुमचं पोट म्हणजे टपालाची पेटी झाली. सगळं आत टाकून राहिले, बाहेर कोणालेच सांगत नाही. उद्या सुट्टी घ्या, मी नेतो दवाखान्यात." मी चष्मा पुसून पुढचा अर्ज हाती घेतला.

मी दवाखान्यात का गेलो नाही, याचे खरे कारण आता सांगतो. आमच्या वस्तीत गणपतीचे एक लहान मंदिर आहे. त्या मार्गशीर्षातील संकष्टीला मी चांगल्या फुलस्केप कागदावर गणरायाच्या नावे रीतसर अर्ज लिहिला. विषय, 'उदरव्यथेपासून मुक्ती मिळणेबाबत.' खाली हकीकत, त्याखाली विनंती, डाव्या बाजूस दिनांक व स्थळ, उजव्या बाजूस सही. सोबत अकरा मंगळवार निराहार उपवास करण्याचे वचन जोडले. कागदाची घडी करून मी ती पुजारीबुवांच्या हाती दिली. ते म्हणाले, "ठेवतो जी पायाशी. पण दवाखान्यात बी जाऊन या. बाप्पा काही नाही म्हणणार नाही." पुजाऱ्याच्या तोंडी हे बोलणे मला शोभणारे वाटले नाही.

माझ्या व्यवसायाचा एक नियम आहे, आणि तो मी प्रत्येक पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगतो. एकच प्रकरण एकाच वेळी दोन ठिकाणी दाखल करू नये. एक अर्ज तहसीलदारांकडे आणि तोच अर्ज वरच्या साहेबांकडे दिला, की दोघेही म्हणतात, 'तिकडे चालू आहे ना, मग तिकडूनच घ्या,' आणि माणूस मधल्यामध्ये लोंबकळतो. हा नियम मी देवालाही लावला. गणरायाकडे प्रकरण प्रलंबित असताना डॉक्टरची पायरी चढणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, अशी माझी पक्की समजूत झाली. मी उत्तराची वाट पाहू लागलो. मंगळवारी पोटात चहा आणि पांढरी गोळी याशिवाय काही जात नसे. शौच डांबरासारखी काळी होऊ लागली. ती पालकाच्या भाजीमुळे होते, असे मी स्वतःच ठरवले. दोन जिने चढताना धाप लागू लागली, ती वयामुळे. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होते, आणि कारण नीट वाक्यात बसले की मला ते खरे वाटे.

संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. दुपारी आमच्या ओळीतली वीज गेली. संगणकावर अर्ज करून देणारे सगळे हात बांधून उन्हात उभे राहिले. लिहिणारा मी एकटाच उरलो. त्यामुळेच ती बाई माझ्याकडे आली, एरवी ती पलीकडच्या दुकानात जाणार होती. पासष्टीच्या आसपासचे वय, काठाची पांढरी साडी, दोरीला बांधलेला चष्मा, हातात कापडी पिशवी. "जय भीम," म्हणून ती समोरच्या स्टुलावर बसली. उमरेडहून एसटीने आली होती. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर परिचारिका म्हणून नोकरी करून ती निवृत्त झालेली. नागपूरजवळच्या एका गावात तिच्या नवऱ्याच्या नावे एक एकर शेत होते; नवरा वारल्यावर वारस म्हणून तिचे नाव चढवायचे राहिले होते.

मी नेहमीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. पती कधी वारले, दाखला आहे का, इतर वारस कोण. मधेच कळ आली. मी टेबलाची कड धरून थोडा पुढे वाकलो आणि ती ओसरण्याची वाट पाहिली. घाम आला होता, आणि हवा तर थंड होती.

"कधीपासून दुखून राहिलं?" तिने विचारले.

"आपण आधी पती कधी वारले ते सांगा."

"थे गेले, आता कुठं पळत नाही. तुमचं सांगा."

मी टाळाटाळ केली, पण ती एकामागून एक विचारीत गेली, आणि ज्या क्रमाने विचारीत होती तो क्रम मला ओळखीचा वाटला. मी पक्षकाराला जसे विचारतो, तसेच. केव्हापासून. नेमके कुठे. खाल्ल्यावर वाढते की कमी होते. झोपेतून उठवते का. वजन उतरले का. उलटी होते का. घास अडकतो का. कोणती गोळी चालू आहे. मी पांढऱ्या गोळीचे नाव सांगितले, तशी तिने मान हलवली.

"उपाशीपोटी घेता?"

"चहाबरोबर."

"चहाले जेवण म्हणून राहिले तुम्ही. आन् शौच कशी होते?"

भर आवारात, देवाजी कान देऊन ऐकत असताना, एका परक्या स्त्रीला हे सांगणे मला जड गेले. तरी सांगितले.

"लोहाच्या गोळ्या घेता का? त्यानं बी काळी होते."

"नाही. पालकामुळे होत असावी."

"किती दिवसांपासून?"

"महिना झाला असेल."

"महिनाभर पालक?" ती हसली नाही. उठून माझ्याजवळ आली, विचारल्याशिवाय माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली आणि परत जाऊन बसली. "आत रंगच नाही. डॉक्टरकडे काहून नाही गेले?"

मी तिला सांगितले की माझे प्रकरण देवाकडे प्रलंबित आहे, आणि एक प्रकरण दोन ठिकाणी चालवणे हे माझ्या तत्त्वात बसत नाही. देवाजींनी तोंडातला खर्रा थुंकण्यासाठी पलीकडे मान वळवली. ती मात्र चष्मा सावरून पुढे झुकली.

"मी देवबिव मानत नाही जी, राग नका मानू. तुमच्या धंद्यातलंच विचारते. हा माहा कागद मी तहसीलदाराले दिला, तर तहसीलदार स्वतः शेतावर येऊन माहं नाव चढवन का?"

"नाही. ते कामाच्या माणसाकडे वर्ग करतील. तलाठ्याकडे."

"मंग मी तलाठ्याकडे गेली, तर तहसीलदाराले राग येईन का? म्हणन का, हिचा माह्यावर विश्वास नाही?"

"नाही. त्यांनीच पाठवलेले असते."

"मंग?" ती म्हणाली.

माझाच नियम तिने माझ्यावर चालवला होता. तिने टेबलावरचा एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. "आता तुमचं लिहा. तारीखवार. पालकबिलक लिहू नका, जे झालं थेवढंच लिहा. तोपर्यंत माहा कागद मी लिहू देत नाही."

मी लिहिले. दिवाळीचा पाडवा, पोटात जळजळ सुरू. मार्गशीर्षाचा पहिला आठवडा, पहाटे कळ येऊन जाग. पट्ट्याला पहिले भोक, दुसरे भोक. काळी शौच, साधारण एक महिना. जिना चढताना धाप, उभे राहताना चक्कर, गेले आठ दिवस. रोज एक पांढरी गोळी, दोन वर्षे. मग सवयीप्रमाणे मी तो कागद पहिल्या ओळीपासून वाचून पाहिला, जसा पक्षकाराचा वाचतो. हा कागद दुसऱ्या कोणी माझ्याकडे आणला असता तर मी त्याला खडसावले असते, की बाबा रे, इतके सगळे होत असताना तू घरी कसा बसलास. माझ्याच अक्षरात लिहिलेले असल्यामुळे मला त्यात काही खोट काढता येईना.

"आजच जा," ती म्हणाली. "उद्या नाही. काळी होते आन् चक्कर येते म्हणजे आतून रक्त जात असन. हा कागद डॉक्टरच्या हाती द्या, म्हणजे सांगताना लाजायचं काम नाही."

"आणि आपला अर्ज?"

"एक एकर शेत हाय, पळते थोडं? मी पुन्हा येईन."

मी उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार आला. देवाजींनी मला धरले, माझे टेबल झाकले आणि आपल्या गाडीवर मागे बसवून सरळ सरकारी दवाखान्यात नेले. वाटेत त्यांनी एकही टोमणा मारला नाही, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजावे.

तिथे एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझा कागद उभ्या उभ्याच वाचला, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचला. "काका, हे कोणी लिहून दिलं?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "मीच." त्या म्हणाल्या, "लोक नुसतं 'पोट दुखतं' म्हणतात, आणि आम्हाला एकेक गोष्ट ओढून काढावी लागते." एरवी या शब्दांनी मी चार दिवस फुलून राहिलो असतो. त्या दिवशी मला फक्त आडवे व्हायचे होते. रक्त फार कमी झाले होते, ते चढवावे लागले. दुसऱ्या दिवशी घशातून दुर्बीण घालून तपासले, तेव्हा जठरात एक मोठी जखम निघाली, तिच्यातून हळूहळू रक्त झिरपत होते. रोजची गोळी, उपाशी पोट आणि पोटातला एक जंतू, या तिघांनी मिळून ती केली असावी, असे डॉक्टरांनी सांगितले. जखमेच्या कडेचा बारीक तुकडा त्यांनी तपासायला पाठवला. तो का पाठवला, हे मी विचारले. "या वयात अशी जखम दिसली की कर्करोग नाही ना, ते पाहावंच लागतं," त्यांनी न फिरवता उत्तर दिले. "आठवडा लागेल."

तो आठवडा मी आयुष्यात विसरणार नाही. सौ. खाटेजवळ बसून असे. एकदाच म्हणाली, "मले काही झालं असतं तर तुम्ही अडीच महिने थांबले असते का?" त्या आठ दिवसांत मला पुष्कळ उमगले. मी देवाकडे उत्तर मागितले होते, आणि उत्तर येत नाही म्हणून रुसलो होतो. प्रत्यक्षात ते माझ्या घरातून आले, शेजारच्या टेबलावरून आले, मंदिराच्या गाभाऱ्यातून पुजारीबुवांच्या तोंडून आले. मी तिन्ही वेळा ते परत पाठवले, कारण ते मला हव्या त्या नमुन्यात नव्हते. इतक्या वर्षांत कचेरीतल्या लोकांवर मी ज्या गोष्टीसाठी चिडत आलो, तीच मी देवाशी केली होती. शरण जाणे म्हणजे हात जोडून एका जागी बसणे, असे मी धरून चाललो होतो. त्यात निम्मा आळस होता आणि निम्मी भीती, कारण तपासले तर काय निघेल हे मला ऐकायचे नव्हते. त्या खाटेवर मी पहिल्यांदा काही न मागता प्रार्थना केली. जे निघेल ते ऐकायचे, जे सांगतील ते करायचे, आणि फळ तुझ्याकडे, इतकेच म्हणालो. त्यानंतर मन शांत झाले. अहवाल यायचा होता, तरी शांत झाले.

अहवाल आला. कर्करोग नव्हता. पांढरी गोळी कायमची बंद झाली, जंतूवरची औषधे सुरू झाली, आणि दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहिले तेव्हा जखम भरलेली होती. त्याआधी, दवाखान्यातून घरी सोडले त्या दिवशी, मी डॉक्टरांना म्हणालो की माझ्याकडे रोज कितीतरी लोक येतात, त्यांना काय सांगू. त्यांनी सांगितले ते मी लिहून घेतले. दुकानातले औषध घेऊनही पोट दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत राहिले, किंवा थांबून पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर डॉक्टरला दाखवावे. वजन आपोआप उतरत असेल, घास अडकत असेल, उलट्या थांबत नसतील, झोपेतून जाग येत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. आणि काळी शौच, रक्ताची उलटी, चक्कर, किंवा अचानक असह्य दुखून पोट कडक होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच तासाला निघावे. आता एखादा पक्षकार पोट दाबून बसलेला दिसला की त्याच्या अर्जाआधी मी त्याला हे विचारतो. काही जण चिडतात. चिडू देत.

कामावर परतल्यावर पहिला अर्ज मी त्या बाईचा लिहिला. तिचे नाव शेतावर चढले, तेव्हा उताऱ्याची प्रत घेऊन मी स्वतः एसटीने उमरेडला गेलो. ती अंगणात मिरच्या वाळत घालीत होती. प्रत तिने पिशवीत ठेवली, वाचलीही नाही, आणि माझ्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली. "आता रंग आला," म्हणाली. मी तिला मनातले बोललो, की त्या दिवशी आपल्याला गणरायाने माझ्याकडे पाठवले.

"मले एसटीनं आणलं जी," ती म्हणाली. "आन् तुमच्या इथली वीज गेली म्हणून तुमच्याकडे बसली. तुमच्या देवाचे आभार तुम्ही माना, मी नाही म्हणत नाही. पण गोळ्या पुऱ्या केल्या का?"

"पुऱ्या केल्या."

"जेवून जा मंग. तिखट नाही टाकलं."

मी तिच्याशी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखे काही उरलेही नव्हते. देव मला ज्या दारी पाठवतो त्या दारी आता मी जातो, दार कोणाचे आहे हे विचारत नाही. मला कळलेली शरणागती एवढीच. तिने मऊ भात आणि पातळ वरण वाढले, वर चमचाभर तूप घातले आणि समोर बसून राहिली, जशी रुग्ण पूर्ण जेवेपर्यंत परिचारिका बसते. मी सावकाश जेवलो. ताटात एक शीत राहिले नाही. मग मी पाणी प्यालो आणि हात पोटावर ठेवला. दुखत नव्हते.